टायरवर 2221 म्हणजे 2021 की 2022? वस्तूंवरचे तारखेचे कोड कसे वाचायचे?

वाटसरू_नाशिक

नमस्कार मंडळी. सेकंड हँड गाडी बघतोय. आरसीवर उत्पादन जुलै 2021 आहे. तीन टायरांवर लंबगोलात 2221 असा आकडा आहे. एजंट म्हणतो, 22 म्हणजे 2022 साल, 21वा आठवडा, म्हणजे टायर नंतर बदललेत आणि गाडीपेक्षा नवे आहेत. खरं का? चौथ्या टायरवर डीओटी (अमेरिकी परिवहन खात्याची खूण) आणि काही अक्षरं दिसतात, पण आकडाच नाही.

त्या निमित्ताने घरातल्या बाकीच्या वस्तूही बघितल्या. गॅस सिलिंडरवर सी-26, बांधकामाला आणलेल्या सिमेंटच्या गोणीवर आठवडा-महिना-वर्ष असे तीन आकडे, आणि एका परदेशी डब्यावर नुसतं 5217बी2. प्रत्येकाची भाषा वेगळी. जाणकारांनी उलगडून सांगावं.

---

रबरी_चाक

एजंटने आकडा उलटा वाचलाय. टायरवर आधी आठवडा, मग वर्ष. 2221 म्हणजे 2021 सालचा 22वा आठवडा, मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीचा. गाडी जुलै 2021ची, टायर त्याआधी पाच-सहा आठवड्यांचे. कंपनीतून गाडी निघते तेव्हा टायर असेच थोडे आधीचे असतात. म्हणजे हे तीन टायर मूळचेच आहेत, बदललेले नाहीत. भाव ठरवताना हे धरून चाला.

2221 हा नेमका फसवा आकडा आहे, कारण दोन्ही जोड्या आठवडाही होऊ शकतात आणि वर्षही. 4719 असता तर कोणी 2047 म्हणालं नसतं.

हा आकडा बघताना तीन गोष्टी:

1. डीओटीचा पूर्ण कोड बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला डीओटी आणि कारखान्याची, साइझची अक्षरं असतात, शेवटचे चार आकडे नसतात. तुमच्या चौथ्या टायरची आकड्याची बाजू आत, गाडीच्या पोटाकडे बसलीय. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकाच्या आतली बाजू मोबाइलच्या टॉर्चने दिसते. मागच्या चाकासाठी गाडी जॅकवर घ्यावी लागते किंवा रॅम्पवर चढवून खालून बघायचं. एजंट "सारखेच आहेत हो" म्हणाला तरी बघाच. वेगळा निघणारा टायर बऱ्याचदा हाच असतो.

2. आकडा साच्यात बसवलेल्या छोट्या पट्टीने उमटतो आणि ती पट्टी ठरावीक काळाने बदलतात. म्हणून भोवती लंबगोल कड दिसते आणि आकड्यांचं वळण शेजारच्या अक्षरांपेक्षा थोडं वेगळं असतं. हे नैसर्गिक आहे, घाबरू नका. पण कडच घासून गेलेली, भोवतालचं रबर सपाट किंवा चकचकीत झालेलं, आकडे खोदल्यासारखे दिसले, तर तो टायर सोडून द्या.

3. तीन आकडीच कोड असेल तर टायर 2000च्या आधीचा. 418 म्हणजे 8ने संपणाऱ्या सालचा, बहुधा 1998चा, 41वा आठवडा. जुन्या जीपच्या स्टेपनीवर असले नमुने अजून सापडतात. नक्षी कोरी करकरीत असली तरी तो रस्त्यावर आणायचा नाही.

आता वयाचं. आपल्याकडे खासगी गाडीच्या टायरला वर्षांची कायदेशीर मर्यादा नाही, नक्षीच्या खोलीची आहे. कारला 1.6 मिमी. नक्षीच्या खाचेत टीडब्ल्यूआयचा (झीज दाखवणारा) उंचवटा असतो, त्याला रबर टेकलं की टायर संपला. पण रबर न वापरताही कडक होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यायचा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढायचा, असा सल्ला मोठ्या टायर कंपन्या देतात. काही गाडी कंपन्या सहा वर्षांनाच बदला म्हणतात. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर लवकर जातात. साइडवॉलवर आणि नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसतात का, हे कोडइतकंच महत्त्वाचं. स्टेपनीचा कोड विसरू नका, ती गाडीच्याच वयाची असते आणि हवेशिवाय कोणी तिच्याकडे बघत नाही.

---

सोल्डरवाला

वरचं बरोबर, पण एक सावधगिरी. टायरचा नियम शिकून तो सगळीकडे लावू नका. इलेक्ट्रॉनिक चिपवर क्रम बरोबर उलटा असतो, आधी वर्ष, मग आठवडा. म्हणजे तोच 2221 आयसीवर, म्हणजे चिपवर, असेल तर 2022 सालचा 21वा आठवडा. एजंटचं वाचन टायरऐवजी इन्व्हर्टरच्या बोर्डावर असतं तर खरं ठरलं असतं!

चार्जर, मिक्सर, इन्व्हर्टर असल्या वस्तू उघडल्या की आत अनेक तारखा सापडतात. आयसीवर एक, पीसीबीच्या (भाग बसवलेल्या बोर्डाच्या) कडेला छापलेली एक, मोठ्या कपॅसिटरवर एक, बाहेरच्या प्लॅस्टिकवर आणखी एक. यातली कुठलीही एक म्हणजे वस्तूची तारीख नव्हे. नियम सोपा आहे: वस्तू तिच्यातल्या सगळ्यात नव्या भागापेक्षा जुनी असू शकत नाही. सगळ्यात जुन्या भागावरून मात्र काहीच ठरत नाही, कारण सुटे भाग गोदामात वर्ष वर्ष पडून असतात. "नवाकोरा 2022चा पीस" म्हणून विकलेल्या वस्तूत एकच भाग 2024चा निघाला, तर एकतर पीस 2022चा नाही किंवा आत दुरुस्ती झालीय. तो भाग हाताने सोल्डर केलेला दिसतो का बघा, लगेच कळतं.

प्लॅस्टिकवरचं घड्याळ खूप जणांना माहीत नसतं. बादली, खुर्ची, हेल्मेटचं कवच, स्विचबोर्ड, मिक्सरचं बूड, कशाचीही आतली बाजू पाहा. नखाएवढं वर्तुळ, कडेने 1 ते 12, मध्ये बाण, बाणाच्या दोन्ही बाजूंना एकेक आकडा. बाण ज्या आकड्याकडे तो महिना, मधले दोन आकडे मिळून वर्ष. बाण फिरवला की वर्षाचे आकडेही त्याच्यासोबत फिरतात, म्हणून वस्तू अशी धरा की बाण वर जाईल आणि मग आकडे डावीकडून उजवीकडे वाचा. नाहीतर 16चं 91 होतं. काही साच्यांत बाणाऐवजी वर्षाचा आकडा आणि शेजारी टिंबं असतात, एक टिंब एक महिना.

हे वर्तुळ म्हणजे साच्यातला फिरवता येणारा खिळा आहे, स्क्रूड्रायव्हरने महिना पुढे ढकलतात. ऑपरेटर विसरला तर जानेवारीतला मालही "डिसेंबर" दाखवतो. त्यामुळे महिनाभराचा फरक मनावर घेऊ नका, दोन वर्षांचा फरक घ्या. आणि ही तारीख त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याची, जोडणीची नाही.

---

वाटसरू_नाशिक

वा! चौथ्या टायरची आतली बाजू उद्या बघतो. बादलीवरचं घड्याळ आत्ताच सापडलं, 7 कडे बाण आणि मध्ये 1, 9. आता सिलिंडर?

---

निळी_ज्योत

सिलिंडरवरचा सी-26 ही उत्पादनाची तारीख नाही आणि गॅस "संपण्याची" तर मुळीच नाही. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत आहे.

ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढे वर्ष. सी-26 म्हणजे सप्टेंबर 2026 अखेरपर्यंत ही टाकी चालेल, त्यानंतर ती भरायच्या आधी चाचणीला गेली पाहिजे. नवी टाकी साधारण दहा वर्षांनी पहिल्यांदा चाचणीला जाते, नंतर दर पाच वर्षांनी. पाण्याचा दाब देऊन गळती आणि फुगवटा बघतात, पास झाली की नवी मुदत रंगवतात.

कुठे बघायचं: वरच्या गोल कड्याला टाकीशी जोडणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यांच्या आतल्या, व्हॉल्व्हकडच्या बाजूला मुदत रंगवलेली असते. दुसऱ्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस, म्हणजे काट्यावर दोन्हींची बेरीज यायला हवी. हे दोन्ही एका नजरेत होतं, सिलिंडर घरात घ्यायच्या आधीच बघा. रंग उडाल्यावर बी आणि 8, डी आणि शून्य सारखेच दिसतात. पण पहिली जागा नेहमी अक्षराची, ए ते डी. मुदत उलटलेली टाकी आली तर सरळ परत द्या, बदलून मागा.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती नळी. सिलिंडर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो, नळी ओट्याखाली वर्षानुवर्षं तीच. केशरी सुरक्षा नळीवर आयएसआयच्या खुणेसोबत उत्पादनाचा महिना-वर्ष लांबीवर छापलेलं असतं. छपाई भिंतीकडच्या बाजूला जाते, म्हणून दिसत नाही. रेग्युलेटर बंद करून नळी हलकेच फिरवा. पाच वर्षं झाली की बदलायची, वरून ठणठणीत दिसली तरी. गळतीचा संशय आला तर 1906 हा आपत्कालीन नंबर चोवीस तास चालतो.

---

लॉट_नंबर

5217बी2 माझ्या खात्यात. खाण्याच्या वस्तूंवर ही पद्धत जगभर चालते. पहिला 5 वर्षाचा शेवटचा आकडा, 217 म्हणजे वर्षातला 217वा दिवस. कारखान्यात याला ज्युलियन तारीख म्हणतात. उरलेलं बी2 म्हणजे लाइन, पाळी, टाकी असं काहीतरी अंतर्गत, ग्राहकाला त्याचा उपयोग तक्रार करतानाच.

दिवसाचा महिना काढायला प्रत्येक महिनाअखेरचा आकडा हाताशी ठेवा: 31, 59, 90, 120, 151, 181, 212, 243, 273, 304, 334, 365. 217 हा 212च्या पुढे, म्हणजे जुलै संपला, 217 वजा 212 म्हणजे 5 ऑगस्ट. डबा 5 ऑगस्ट 2025चा. लीप वर्ष असेल तर फेब्रुवारीपासून पुढच्या प्रत्येक आकड्यात एक मिळवा. 4217 असता तर 2024 लीप असल्याने 4 ऑगस्ट आला असता. एका दिवसाने डब्याचं काही बिघडत नाही, पण अंडी, चीज यांत फरक पडतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी अंड्यांच्या खोक्यावर बघा: यूएसडीए (अमेरिकी कृषी खातं) ग्रेडच्या खोक्यांवर पॅक केल्याचा दिवस असाच 001 ते 365 मध्ये असतो.

इथे घोळ कुठे होतो ते सांगतो.

पहिला, वर्षाचा एकच अंक. 5 म्हणजे 2025 की 2015? कोडवरून कळत नाही. डब्याची छपाई, किंमत, पत्ता यावरून ठरवायचं.

दुसरा, महिन्याचं अक्षर. ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं एल डिसेंबरपर्यंत. पण बऱ्याच कंपन्या आय हे अक्षर 1सारखं दिसतं म्हणून गाळतात, मग डिसेंबर एम होतो. म्हणजे जे हे अक्षर एकीकडे ऑक्टोबर, दुसरीकडे सप्टेंबर. ए ते एच बिनधास्त वाचा, पुढची अक्षरं आली की छापील तारखेशी पडताळा. तिसरी रीत 1 ते 9 आणि मग ओ, एन, डी. त्यात डी डिसेंबर असतो, एप्रिल नव्हे.

तिसरा, अमेरिकी मालावर आधी महिना, मग दिवस. 05/08/25 म्हणजे 8 मे. पाहुण्यांनी बॅगेतून आणलेल्या खाऊवर हे हमखास चुकतं.

भारतात विकल्या जाणाऱ्या मालावर इतकी डोकेफोड करावी लागू नये. खाद्यपदार्थावर उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्सपायरी किंवा यूज बायची तारीख, दोन्ही एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2020च्या लेबल नियमांनी सक्तीच्या आहेत. बेस्ट बिफोर आता ऐच्छिक आहे, एक्सपायरीच्या जागी चालत नाही. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या मालावर दिवससुद्धा हवा, त्याहून जास्त टिकणाऱ्यावर महिना-वर्ष पुरतं. परदेशी डब्यावर आयातदाराचं स्टिकरच नसेल, तर कोड वाचून वेळ घालवू नका, दुकानदाराला परत करा.

मग बॅच कोड वाचायचाच कशाला? पडताळणीसाठी. छापील एमएफजी (उत्पादनाची तारीख) ऑक्टोबरची आणि बॅचमध्ये दिवस 217, तर प्रश्न विचारायला हरकत नाही. पण लगेच चोरी म्हणू नका. तेल, मसाला, चहा असा माल आधी मोठ्या लॉटमध्ये तयार होतो, पुड्या नंतर भरतात, आणि बॅच कधी लॉटचा असतो तर कधी भरण्याचा.

खरी चोरी ओळखायची तर इंकजेटचे ठिपके बघा. तारीख, बॅच, किंमत हे तिन्ही एकाच फटक्यात छापतात, त्यामुळे ठिपक्यांचा आकार, शाईचा काळेपणा आणि ओळीचा तिरकेपणाही सारखाच असतो. थिनरने पुसून नुसती तारीख पुन्हा छापली तर ती ओळ बाकीच्यांशी जुळत नाही आणि खालची चकाकी गेलेली असते. पाकीट उजेडात तिरकं धरून बघा. बाटलीवरची आणि खोक्यावरची तारीखही जुळवा. संशय पक्का वाटला तर पाकीट न फोडता, बिलासकट फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915वर नोंदवा.

---

चंदनगंध

सौंदर्यप्रसाधनांचे कोड टाकले की तारीख सांगणाऱ्या वेबसाइट आहेत, त्या चालतात का?

---

लॉट_नंबर

अंदाजापुरत्या. त्या साइट त्या ब्रँडचा नेहमीचा साचा धरून उत्तर देतात. कारखाना बदलला, कंत्राटी उत्पादक आला, की साचा बदलतो आणि साइट ठामपणे चुकीचं सांगते. वर्षाचा एकच अंक असला की दहा वर्षांची गफलतही होते. नकली मालावर खऱ्याचा कोड जसाच्या तसा छापलेला असतो, त्यामुळे "कोड बरोबर निघाला म्हणजे माल खरा" हे तर अजिबात धरू नका.

युरोपातून आलेल्या क्रीमवर तारीख नसेल तर त्यात लबाडी असेलच असं नाही. 30 महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या प्रसाधनाला तिथे अंतिम तारीख लागत नाही, त्याऐवजी उघड्या डबीचं चित्र आणि त्यात 12एम किंवा 6एम असतं. झाकण उघडल्यापासून इतके महिने. उघडल्याची तारीख मार्करने बुडावर लिहून ठेवा, नाहीतर त्या चित्राचा काही उपयोग नाही.

---

गोळी_चूर्ण

औषधांबद्दल दोनच ओळी. एक्सपायरी 08/2026 असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. आणि गोळ्यांच्या पत्त्यावर (स्ट्रिपवर) बॅच, एमएफजी, एक्सपायरी बऱ्याचदा एकाच टोकाला दाबलेली असते. दहाच्या पत्त्यातल्या चार गोळ्या घेताना केमिस्ट कुठून कापतो ते बघा. तुमच्या हाती बिनतारखेचा तुकडा आला तर बिलावर बॅच आणि एक्सपायरी आहे ना, हे तपासून बिल पत्त्यासोबतच ठेवा. ऑगस्ट 2023पासून बनलेल्या ठरावीक 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर किंवा बारकोड असतो. स्कॅन करून छापील बॅच आणि तारीख जुळते का बघता येतं.

---

वाळू_खडी

सिमेंटच्या गोणीवरचे तीन आकडे म्हणजे पॅकिंगचा आठवडा, महिना, वर्ष. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकातच ते मागितलेलं आहे. 27-07-25 म्हणजे 2025चा 27वा आठवडा, जुलै. इथे 27 ही तारीख समजून लोक फसतात. काही कंपन्या महिन्यातला आठवडा लिहितात, तेव्हा पहिला आकडा 1 ते 5 असतो. महिना सोबत असल्यामुळे कुठली पद्धत आहे ते लगेच कळतं: 27वा आठवडा जुलैतच येतो, म्हणून तो वर्षातला.

विक्रेत्याकडे गोणी तीन महिन्यांपेक्षा जास्त पडून असेल तर वापरण्याआधी पुन्हा चाचणी घ्यावी, असा संकेत आहे. गोणीत मुरणारी दमट हवा सिमेंटला हळूहळू आतच पकडायला लावते. ढोबळ हिशोबाने तीन महिन्यांत ताकद 20 टक्के उतरते, सहा महिन्यांत 30. कोकणात पावसाळ्यात याहून लवकर. म्हणून स्लॅबला आठवडा बघून महिन्याच्या आतली गोणी मागा. ट्रक उतरवतानाच बघा, कारण वरच्या थराला नवा आठवडा आणि खाली जुना असा मिश्र माल येतो. प्रत्येक थरातल्या एक-दोन गोण्या उलटून छपाई वाचा.

जुनी गोणी गळ्यात पडलीच तर हात आत घाला. चांगलं सिमेंट गार आणि मऊ लागतं. बोटाने चुरडणारी ढेकळं म्हणजे रचताना बसलेला दाब, त्याने फार बिघडत नाही. बोटाने न फुटणारे खडे निघाले तर ती गोणी स्लॅबला, कॉलमला वापरू नका. खडे चाळून काढले तरी उरलेल्याची ताकद परत येत नाही, हे मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा.

---

वाटसरू_नाशिक

सगळ्यांचे आभार. चौथ्या टायरची आतली बाजू बघितली. 0924 आहे. याचा अर्थ?

---

रबरी_चाक

2024चा नववा आठवडा, फेब्रुवारीची अखेर. एकच टायर बदललाय. कट लागून किंवा फुगा येऊन गेला असेल तर ठीक, पण त्याच चाकाला ठोकर बसलेली असू शकते. रिमची आतली कड वाकलीय का, त्या बाजूचा लोअर आर्म आणि शॉकअप नवे दिसतात का बघा, अलाइनमेंटचं रीडिंग मागा. त्याच अक्षावरच्या दुसऱ्या टायरची नक्षीही मोजा. दोन्हींत बराच फरक असेल तर नवी जोडी धरूनच भाव करा.

जाता जाता काचाही बघून घ्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यात वर्षाचा एक अंक असतो, आजूबाजूला टिंबं. टिंबांचा हिशोब कंपनीप्रमाणे बदलतो, त्याच्या नादी लागू नका, अंक पुरे. सगळीकडे 1 आणि एकाच दरवाजाला 4 असेल, आणि तो दरवाजा त्याच चौथ्या टायरच्या बाजूचा असेल, तर एजंटला विम्याच्या क्लेमचे कागद मागायचे. चासी नंबरचं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्षाचं असतं: एल 2020, एम 2021, एन 2022, पी 2023 (ओ कधीच वापरत नाहीत). काही कंपन्या वर्ष-महिना दुसऱ्या जागी ठेवतात, त्यामुळे एम दिसला नाही म्हणून लगेच भांडू नका. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला पूर्ण नंबर अक्षरन् अक्षर जुळणं महत्त्वाचं.

बॅटरीवरही नजर टाका. तिचा कोड प्रत्येक कंपनीचा निराळा, तो फोडण्यापेक्षा वॉरंटी कार्डावरची विक्रीची तारीख बघा आणि गाडी रात्रभर उभी असताना मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर चार्ज पूर्ण आहे, 12.4च्या खाली असेल तर आधी चार्ज करून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.